थंड मुलखात गाडी पाठवताना इंजिन ऑइलचा नंबर कसा निवडावा?

भिवंडी-मालेगावचे कापड घेऊन निघालेली गाडी दिल्ली, अमृतसर, जम्मू करीत श्रीनगरला पोहोचते तेव्हा तिच्या इंजिनाने एकाच फेरीत दोन ऋतू पाहिलेले असतात. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी घाम येतो, आणि तीच गाडी चार-पाच दिवसांनी बनिहालच्या पलीकडे रात्रभर उभी राहते तेव्हा पारा शून्याखाली गेलेला असतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मिरात 'चिल्ला-ए-कलान' म्हणून ओळखले जातात. या दिवसांत श्रीनगरला रात्री उणे ५-६ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. कारगिल, द्रास, लेहकडे तर उणे १५ ते २० आणि कधी त्याहूनही खाली.

गाडीचा मालक निघण्यापूर्वी ताडपत्री पाहतो, दोर पाहतो, बिल्टी आणि विमा पाहतो. इंजिनाच्या चेंबरमध्ये कोणते ऑइल आहे हे मात्र विचारत नाही. ते मेकॅनिकवर सोडलेले असते आणि मेकॅनिक आपल्या गावच्या हवेप्रमाणे ऑइल भरतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याने वरची थंडी पाहिलेली नाही. पण जागेवर अडकलेली गाडी, उशिरा पोहोचलेला माल आणि बेअरिंग गेल्यावर उतरवावे लागणारे इंजिन, हे सारे नुकसान मालकाच्याच खात्यात पडते. एका इंजिनकामात अनेक फेऱ्यांचा नफा जातो. म्हणून डब्यावरचे नंबर मालकाला स्वतः वाचता आले पाहिजेत, असे आमचे मत आहे.

डब्यावर १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते. हे नंबर एसएई या अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचे. ही संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली आणि ऑइलच्या दाटपणाप्रमाणे नंबर देण्याची तिची पद्धत १९११ पासूनची आहे. दाटपणाला पुस्तकी मराठीत श्यानता म्हणतात, बाजारात व्हिस्कॉसिटी. 'डब्ल्यू' म्हणजे वेट, अर्थात वजन, असे पुष्कळ दुकानदार सांगतात. ते बरोबर नाही. हा डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा आहे.

आपल्या सूतवाल्यांना येथे थोडा गोंधळ होण्याची शक्यता आहे. सुती धाग्याचा काउंट जितका मोठा तितका धागा बारीक. साठचे सूत चाळीसपेक्षा बारीक असते. फिलामेंटच्या डेनिअरचे उलट, नंबर मोठा तितका धागा जाड. ऑइलचा नंबर डेनिअरच्या चालीने चालतो. नंबर मोठा तितके ऑइल दाट. आणखी एक साम्य असे की नंबर हा एक ठिपका नसून पट्टा असतो. १०० अंश तापलेल्या ऑइलचा दाटपणा मोजतात आणि तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान भरला की त्याला ४० म्हणतात. ९.३ ते १२.५ पर्यंत ३०, आणि १६.३ ते २१.९ पर्यंत ५०. म्हणून दोन कंपन्यांचे '४०' तंतोतंत सारखे असतीलच असे नाही.

म्हणजे डब्यावरचा मागचा नंबर गरम इंजिनाचा आणि डब्ल्यूच्या पुढे लिहिलेला थंड इंजिनाचा. यावरून कित्येकांचा समज होतो की १५डब्ल्यू-४० थंडीत पातळ असते आणि तापल्यावर दाट होते. असे कोणतेही ऑइल जगात नाही. तापल्यावर प्रत्येक ऑइल पातळच होते. फरक एवढाच की मल्टिग्रेड ऑइल थंडीत एकेरी ४० नंबराच्या ऑइलइतके आखडत नाही. त्यात खास पॉलिमर घातलेले असतात, ते उष्णतेत फुगतात आणि ऑइल फार पातळ होऊ देत नाहीत.

आता थंडीचा नंबर. आमच्या वाचकांच्या कामाचा खरा भाग हाच आहे.

थंडीत ऑइल दोन ठिकाणी अडचण करते. पहिली अडचण सेल्फ मारताना. दाट ऑइलात क्रँक फिरत नाही आणि त्याच वेळी बॅटरीही अशक्त झालेली असते. उणे १८ अंशांच्या सुमारास लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दुसरी अडचण इंजिन सुरू झाल्यानंतरची. ऑइल चेंबरमध्ये घट्ट बसलेले, पंपाला ते ओढता येत नाही, आणि बेअरिंग, टर्बो कोरडे फिरतात. पहिल्या अडचणीत वेळ जातो. दुसरीत इंजिन जाते.

नंबर देणारांनी या दोन्हींची वेगवेगळी परीक्षा ठेवली आहे. १५डब्ल्यू म्हणवून घ्यायचे तर उणे २० अंशांवर ऑइलचा दाटपणा ७,००० सेंटिपॉइजपेक्षा जास्त नसावा. साध्या पाण्याचा दाटपणा एक सेंटिपॉइजच्या आसपास असतो, यावरून अंदाज करावा. शिवाय पंपाच्या परीक्षेत उणे २५ अंशांवर तो ६०,००० च्या आत राहिला पाहिजे. १०डब्ल्यूसाठी याच दोन परीक्षा उणे २५ आणि उणे ३० वर, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि उणे ३५ वर, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ आणि उणे ४० वर होतात. आपल्याकडच्या २०डब्ल्यूची मर्यादा उणे १५ आणि उणे २० इतकीच.

पंपाची परीक्षा दर वेळी पाच अंश खाली आहे, हे वाचकांनी पाहिले असेल. यात मोठे शहाणपण आहे. ऑइल पंपाला ओढता येणार नाही अशी थंडी येण्याआधीच इंजिन फिरेनासे व्हावे, म्हणजे ते कोरडे चालून जळणार नाही. सुरू न होणारी गाडी मालकाला शिव्या देण्यासारखी वाटते, पण ती त्याचे इंजिन वाचवीत असते.

एवढी काळजी घेऊनही १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स येथे बऱ्याच इंजिनांची वाट लागली. ऑइल तर तेव्हाच्या परीक्षेत पास झालेले होते. मग झाले काय? खनिज तेलात थोडे मेण असतेच. प्रयोगशाळेत ऑइल झटपट थंड केले जात होते, पण सू फॉल्सला थंडी हळूहळू वाढत गेली आणि मेणाच्या कणांना एकमेकांत गुंतून जाळे विणायला सवड मिळाली. साजूक तूप सावकाश थिजले की कसे रवाळ होते, ते घरच्या बायकांना विचारावे. ऑइल दह्यासारखे बसले. पंपाने नळीच्या तोंडाजवळचे तेवढे ओढले, तेथे पोकळी झाली, बाजूचे ऑइल सरकून आलेच नाही आणि पंप हवा ओढू लागला. यानंतर ऑइल सावकाश थंड करून तपासण्याची पद्धत आली, आणि आजची पंपाची परीक्षा त्याच पद्धतीने होते. आमच्या दृष्टीने यातील धडा हा की 'पोअर पॉइंट उणे इतका' एवढे वाचून खूश होऊ नये. ते फक्त ऑइल भांडे तिरपे केल्यावर हलते की नाही हे सांगते. पंपापर्यंत ते जाईल की नाही हे डब्ल्यूचा नंबर सांगतो.

आता निवड. गाडी रात्री जेथे उभी राहणार तेथील सर्वांत थंड रात्रीचा पारा धरावा, दुपारचा नव्हे. वाऱ्याचा हिशेब सोडून द्यावा. बोचऱ्या वाऱ्यात माणसाला उणे ५ चे उणे १२ वाटते, पण उभ्या इंजिनाला तसे काही वाटत नाही. वाऱ्याने ते लवकर थंड होते इतकेच, हवेच्या पाऱ्याखाली जात नाही. त्या पाऱ्याखाली आणखी दहा अंशांची गुंजाईश ठेवावी. कारण वर दिलेले सर्व आकडे नव्या कोऱ्या ऑइलचे आहेत. डिझेल इंजिनात चाललेल्या ऑइलात काजळी जमते, ते दाट होते आणि त्याचा १५डब्ल्यू पुष्कळदा १५डब्ल्यू राहत नाही.

या मापाने पाहिले तर महाराष्ट्रात काळजीचे कारण नाही. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रांत मथळे येतात, पण इंजिनाच्या दृष्टीने तो सौम्य हिवाळा आहे. तेवढ्यासाठी कोणी महाग ऑइल गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. मात्र नव्या पेट्रोल मोटारींच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेले असेल तर तेच घालावे. तेथे ते थंडीसाठी नसून इंजिनाच्या बारीक फटींसाठी आणि इंधनाच्या बचतीसाठी असते. दिल्ली, पंजाब, जम्मूपर्यंत १५डब्ल्यू-४० बिनघोर चालते. श्रीनगरलाही ते कागदावर पुरते. तरी ऑइल जुने आणि बॅटरी दोन वर्षांची असेल तर निघण्यापूर्वी ऑइल बदलावे, आणि कंपनीच्या पुस्तकात परवानगी असल्यास १०डब्ल्यूवर जावे. २०डब्ल्यू घालून तेथे मुक्काम करू नये.

सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यात गाड्या पूर्वीपेक्षा पुढे जाऊ लागल्या. ज्यांची गाडी द्रास-लेहच्या थंडीत रात्र काढणार असेल त्यांना ५डब्ल्यू हवे, तेही सिंथेटिक. पीएओ जातीच्या सिंथेटिक तेलात मेण नसते, म्हणून जाळे विणले जात नाही. कॅनडा-इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी बांधवांना हे नवीन नाही. टोरांटोत ५डब्ल्यू आणि ०डब्ल्यू हीच रोजची ऑइले आहेत.

येथे एक सावधगिरी. थंडीच्या धास्तीने मागचा नंबर कमी करू नये. पुस्तकात १५डब्ल्यू-४० सांगितले असेल तर ५डब्ल्यू-४० घ्यावे, ५डब्ल्यू-३० नव्हे. भरलेली गाडी घाट चढताना चेंबरमधले ऑइल १०० अंशांच्याही वर तापते, आणि हीच गाडी एप्रिलमध्ये मालेगावच्या चाळीस अंशांत उभी राहणार आहे. ५डब्ल्यू-४० महाग आहे हे खरे, पण लिटरमागचा फरक चेंबरच्या मापाने गुणून पाहावा आणि एका दिवसाच्या खोळंब्याशी तोलावा.

नंबराबरोबर दर्जाही पाहावा. एपीआयच्या दर्जात डिझेलसाठी सी आणि पेट्रोलसाठी एस हे पहिले अक्षर असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची जाळी असते. तिला कमी राखेचे, सीके-४ सारखे, पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. जुन्या दर्जाचे ५डब्ल्यू-४० स्वस्तात मिळाले म्हणून घातले तर थंडीतून गाडी सुटेल आणि जाळी चोंदेल.

डिफरन्शियलच्या ऑइलकडे तर कोणीच पाहत नाही. ८५डब्ल्यू-१४० ची मर्यादा उणे १२ अंशांवर संपते, ८०डब्ल्यू-९० ची उणे २६ वर, ७५डब्ल्यू-९० ची उणे ४० वर. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे; ९० हा आकडा पाहून ते इंजिनाच्या ५० पेक्षा दाट असेल असे समजू नये, दोन्ही जवळपास सारखेच असतात.

ड्रायव्हर लोकांचे काही जुने हुनर आहेत, त्यांविषयी स्पष्ट लिहितो. चेंबरखाली डिझेलचे बोळे पेटवणे हे कापड भरलेल्या गाडीखाली अजिबात करू देऊ नये. एक ठिणगी ताडपत्रीला लागली की विमा कंपनीशी वाद घालत बसावे लागेल. ऑइलात रॉकेल किंवा डिझेल मिसळणे हेही बंद करावे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य रशियाच्या थंडीत ऑइलात पेट्रोल मिसळत असे, पण त्याचे माप ठरलेले होते आणि त्या इंजिनांना दहा वर्षे चालायचे नव्हते. रात्रभर इंजिन चालू ठेवल्याने जळके-अर्धे डिझेल ऑइलात उतरते. आणि बंद केबिनमध्ये शेगडी घेऊन झोपणाऱ्याचा जीव जातो, हे प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरला तोंडाने सांगितले पाहिजे.

गाडी सुरू होत नाही म्हणून दर वेळी ऑइललाच दोष देऊ नये. सेल्फ झपाट्याने फिरतो पण इंजिन पेटत नाही, असे असेल तर डिझेलच थिजलेले असते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते. टाकीत खालून भरून नेलेले डिझेल तसे नसते. वर चढताना ते संपवत जावे आणि तेथले भरावे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर मग ऑइलची चर्चाच व्यर्थ आहे.

सकाळी इंजिन लागल्यावर ॲक्सिलेटर दाबू नये. ऑइलच्या दिव्याकडे पाहावे. तो काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच इंजिन बंद करावे, आणि ऊन वर येऊन चेंबर सैल होईपर्यंत गाडीला पुन्हा हात लावू नये.