चांदीच्या दागिन्यांसाठी लाकडी स्टँड

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथील चांदीचे पैंजण राज्याबाहेरही प्रसिद्ध आहेत. असा माल प्रदर्शनात नुसता टेबलावर पसरला, तर त्याची घडण नजरेत भरत नाही. आणि मांडलेली चांदी काळवंडली, तर कारागिराची मेहनतच वाया जाते. शाळेच्या कार्यानुभव वर्गात किंवा गावच्या सुताराकडून करून घेता येण्याजोगा साधा स्टँड येथे उपयोगी पडतो.

लाकूड पूर्ण वाळलेले, सागाचे किंवा शिवणीचे असावे. बैठकीसाठी ३० सें.मी. लांब, २० सें.मी. रुंद व अडीच सें.मी. जाड फळी घ्यावी. मध्यभागी चौकोनी भोक पाडून ३५ सें.मी. उंच खांबाचे कुसू त्यात घट्ट बसवावे. वरची आडवी दांडी २५ सें.मी. ठेवावी, म्हणजे भार बैठकीबाहेर जात नाही. पैंजण घसरू नयेत म्हणून दांडीवर उथळ खाचा पाडाव्यात. केवळ खिळ्यावर विसंबू नये. शंभर ग्रॅमच्या दहा जोड्यांचा भार एक किलो होतो आणि हाताळणीने खिळा सैल पडून खांब कलतो.

खरी काळजी घ्यावयाची ती कापडाची. गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर काळा थर चढतो. लोकरीत आणि रबरात गंधक असतेच. काळ्या सुती कापडाच्या रंगातही ते पुष्कळदा असते. काळ्यावर चांदी उठून दिसते खरी, पण हा मोह महागात पडतो. धुतलेले, न रंगविलेले सुती कापड लावावे व जोड्या सुती दोऱ्याने बांधाव्यात. चपड्याचे पॉलिश दिल्यास त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत स्टँडवर दागिने टांगू नयेत.