वजनकाट्यासाठी मुलांना उपाशी ठेवू नका

भाताची झोडणी उरकली की शहापूर-मुरबाड तालुक्यांत कबड्डीचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, संघ बांधले जातात. मोठ्या स्पर्धांत सामन्याआधी आणखी एक परीक्षा असते, ती वजनकाट्याची. किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. दांडग्या मुलासमोर किरकोळ अंगाचे मूल येऊ नये, हा तिचा हेतू. पण भरवशाचा चढाईपटू काट्यावर दीड-दोन किलो जास्त भरला, की त्याला दोन दिवस उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, स्वेटर घालून उन्हात पळवणे असे उपाय सुचतात. कोणी जुलाबाची गोळीही सुचवतो. मुलांना शिकवणाऱ्यांनी हे कटाक्षाने टाळले पाहिजे.

दोन दिवसांत काय घटते?

दोन दिवसांत दोन किलो चरबी घटत नाही. घटते ते मुख्यतः अंगातले पाणी. आपल्याकडची शेतात राबणारी, शाळेला पायी जाणारी मुले मुळातच काटक. त्यांच्या अंगावर घटवण्याजोगी चरबी असतेच किती? वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी खेळाडूचा दम कमी पडू लागतो. ५० किलोच्या मुलाच्या बाबतीत हे पाणी अवघे एक लिटर भरते. रक्तातील पाणी घटल्याने हृदयाची धडधड वाढते, अंग तापते, चक्कर येते. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच खेळाडू मैदानावर दमलेला उतरतो.

ऑगस्ट २०२४ मधील पॅरिस ऑलिंपिक वाचकांना आठवत असेल. विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली. रात्रभर व्यायाम करूनही सकाळी तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले व ती बाद झाली. पाणी कमी झाल्याने तिला उपचारही घ्यावे लागले. तिच्या दिमतीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. आपल्या गावच्या मुलाजवळ कोण असते? अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथील नियम कडक झाले.

वाढते वजन हा दोष नव्हे

साधारण १३ ते १५ या वयात मुलाची उंची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. उंचीबरोबर वजन वाढणारच. जूनमध्ये ५२ किलोचा असलेला मुलगा जानेवारीत ५६ किलोचा झाला, तर ती वाढ आहे, खादाडपणा नव्हे. या वयात वारंवार उपासमार झाली तर वाढ खुंटण्याचा धोका असतो. मुलींमध्ये रक्तक्षय बळावतो, पाळी अनियमित होते.

प्रशिक्षकांनी काय करावे?

१) हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाची उंची व वजन वहीत नोंदवावे, दर महिन्याला पुन्हा पाहावे.

२) खेळाडू मर्यादेच्या जवळ आला असेल तर स्पर्धेच्या दोन महिने आधीच त्याला वरच्या गटात खेळवण्याचे ठरवावे. त्या जागी दुसरा गडी तयार करावा.

३) सरावात दर १५-२० मिनिटांनी पाणी प्यायला लावावे. पाणी मागणाऱ्याला नाजूक म्हणून हिणवू नये. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

४) सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात किंवा भाकरी-भाजी असे नेहमीचे जेवण द्यावे. सरावानंतर शेंगदाणे-गूळ, केळे, उकडलेले अंडे द्यावे. नाचणी, वाल, चवळी, सुकट हे घरचेच अन्न उत्तम. महागड्या पावडरींची गरज नाही.

५) आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. ताप किंवा जुलाब असलेल्या मुलाला खेळवू नये.

मूल मैदानावर कोसळल्यास

अंग भाजत असेल, मूल असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. मूल पूर्ण शुद्धीवर असून नुसता थकवा किंवा पेटके असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा.

पालकांनीही लक्ष ठेवावे. स्पर्धेआधी मूल ताट बाजूला सारू लागले, तर त्याला रागावू नये. प्रशिक्षकांना जाऊन भेटावे आणि कारण विचारावे. ढाल पुढच्या वर्षीही मिळवता येईल. वाढीचे वय मात्र एकदाच येते.