जलपर्णीची ओळख

तळ्यांत किंवा कालव्यांत कोणतीही हिरवी वनस्पति तरंगतांना दिसली कीं तिला जलपर्णी म्हणण्याची चाल पडली आहे. उलट, खरी जलपर्णी दोनचार रोपांनीं आली असतां फुलांच्या शोभेसाठीं ती राहूं दिली जाते. हें दुसरें अज्ञान फार महाग पडतें; म्हणून तिचीं लक्षणें येथें देत आहोंत.

ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतील. बंगालमध्यें ती इतकी माजली कीं, १९३६ सालीं तिच्या निर्मूलनासाठीं कायदा करावा लागला.

पुढील चार लक्षणें ध्यानांत ठेवावीं :

(१) पान गोलसर, जाड व तकतकीत असतें.

(२) मोकळ्या पाण्यांतील रोपाचा देंठ मध्यें फुगलेला असतो. तो कापला असतां आंत स्पंजाप्रमाणें हवेच्या पोकळ्या दिसतात.

(३) मुळें पिसासारखीं, काळसर जांभळीं व पाण्यांत लोंबणारीं असतात.

(४) फुलें फिकट जांभळीं, सहा पाकळ्यांचीं व तुऱ्यानें येतात. वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो.

मात्र केवळ देंठाच्या फुग्यावर विसंबूं नये. दाटी झाली म्हणजे देंठ लांब व सडपातळ होतात आणि फुगा नाहींसा होतो. अशा वेळीं थराच्या कडेचें रोप उपटून मुळें पाहावीं.

गोंडाळ हीही तरंगते. परंतु तिचीं पानें बिनदेंठाचीं, मखमली व उभ्या शिरांचीं असून कोबीच्या उमलत्या गड्ड्याप्रमाणें मांडलेलीं असतात. कमळाचा कंद तळच्या चिखलांत रुतलेला असतो. भरल्या पाण्यांत जलपर्णी ओढतांच सबंध हातीं येते.

जलपर्णीच्या आडव्या फुटव्यांच्या टोकांस नवीं रोपें येतात. उष्ण व मैलामिश्रित पाण्यांत त्यांची संख्या सुमारें पंधरवड्यांत दुप्पट होते. या हिशेबानें दहा रोपांचीं तीन महिन्यांत ६४० होतील. मग पाण्यावर थर बसून खालच्या माशांना प्राणवायु मिळत नाहीं, पंपाची जाळी तुंबते व पाट अडतात. शिवाय तिचें बीं चिखलांत पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहूं शकतें.

म्हणून फुलें येण्यापूर्वींच रोपें मुळें व फुटव्यांसह काढावीं. तीं कांठावर न टाकतां, पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा खड्ड्यांत वाळवून कुजवावीं. वाहत्या पाण्यांत तर मुळींच सोडूं नयेत; आपल्या तळ्यांतील पीडा त्यायोगें खालच्या शेतकऱ्याच्या पाण्यांत जाते. पुढें दर आठ दिवसांनीं पाण्याचे कांठ तपासावे. दहा रोपें एक माणूस घटकाभरांत काढतो. तळें भरल्यावर गांव लोटला तरी पुरा पडत नाहीं.