वांदा आणि उमा : दोन नामांच्या व्युत्पत्तिकथा

दुसऱ्या महायुद्धकाळी सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. या निर्वासितांशी निकटचा संबंध आलेल्या वांदा दिनोव्स्का (१८८८–१९७१) या भगवद्गीतेच्या पोलिश अनुवादिका होत. महात्मा गांधींनी त्यांना 'उमादेवी' हे नाव दिले. एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आलेली ही दोन नामे व्युत्पत्तिविचाराच्या दृष्टीने उद्बोधक आहेत.

'वांदा'ची कथा तेराव्या शतकाच्या आरंभी विन्सेंटी काद्वुबेक याच्या लॅटिन बखरीत येते. ही क्राक राजाची कन्या. तिच्यावर चालून आलेल्या जर्मन राजाचे सैन्य तिच्या दर्शनानेच युद्धविन्मुख झाले. तेथील नदीस व प्रजेस 'व्हांडाल' हे नाव तिच्यावरूनच पडले, असे बखरकार म्हणतो. वस्तुतः व्हांडाल या जनांचे नाव या बखरीहून कित्येक शतके जुने आहे. तेव्हा नामावरून नायिका निर्माण झाली असावी. उत्तरकालीन बखरीत हे नाव गळ या अर्थाच्या पोलिश शब्दाशी जोडलेले दिसते : तिचे सौंदर्य पाहणाऱ्यास ओढून घेई. नामाचे मूळ मात्र आजही विवाद्य आहे.

'उमा'ची स्थिती निराळी नाही. केनोपनिषदात उमा हैमवती अवतरते, परंतु तेथे नामाचे स्पष्टीकरण नाही. ते कालिदास कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात देतो : 'उ' हे संबोधन, 'मा' हा निषेध, तप करू नकोस, या मातेच्या उद्गारातून नाव सिद्ध झाले. येथेही नाम आधीचे, कथा नंतरची.

'वांदा'चा संबंध संस्कृत 'वन्द्' धातूशी जोडण्याचा मोह भारतीय अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. वृक्षांवर वाढणाऱ्या वनस्पतीचे 'वन्दा' हे संस्कृत नावही ध्वनीने तितकेच जवळचे आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे.

लोकव्युत्पत्तीतून शब्दाचे मूळ हाती लागतेच असे नाही. समाजाने त्या नामात काय पाहिले, हे मात्र कळते. १७९५ ते १९१८ या काळात स्वतंत्र राज्य नसलेल्या पोलिश जनतेने वांदेत परसत्तेस न नमणारी राणी पाहिली. कालिदासाने उमेत, मातेचा निषेध असताही तपास निघालेली कन्या पाहिली. म्हणून अशा कथा व्युत्पत्तिकोशातून वगळल्या, तरी वाङ्मयेतिहासातून वगळता येत नाहीत.