सगळं दाजींना ठाऊक होतं

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, झोपेतच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. बीपी नाही, शुगर नाही. भाच्यांच्या वह्यांना कव्हरं घालण्यापासून आमच्या आईच्या मोतीबिंदूच्या तारखेपर्यंत सगळं तेच बघायचे. बाजारातून आले की आधी मेथी निवडायला बसायचे, मग चहा मागायचे. ताईला बँकेची पायरी त्यांनी कधी चढू दिली नाही. लोक म्हणायचे, नशीब काढलं पोरीनं. मला आता वाटतं, इतकी माया अडचणीचीच.

बारावं उरकलं तरी त्यांचा मोबाइल वाजत होता. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेज यायचा, हप्ता वजा झाल्याचा. कसला हप्ता, कुणालाच पत्ता नाही. विम्याच्या पॉलिसीवर लग्नाआधीपासून त्यांच्या आईचं नाव, आणि त्या तर दाजींच्याही आधी गेलेल्या. उत्तर मिळालं, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा.

म्हणून सांगतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा, दाखल्याच्या प्रती जास्तीच्या घ्या आणि नाव आधार-पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दत्तात्रय की दत्तात्रेय, एवढ्या एका मात्रेपायी माणूस टेबलं पुजत बसतो. गेलेल्याच्या कार्डानं एटीएममधून पैसे काढू नका. पुष्कळ जण काढतात, पण उद्या वारसांत वाजलं तर जड जातं. नोकरदार माणूस असेल तर पीएफ आणि विधवा पेन्शनच्या अर्जासोबत ईडीएलआयचंही विचारा. कामगाराच्या पगारातून एक पैसाही न कापता मिळणारा हा विमा आहे, 7 लाखांपर्यंतचा. आम्हाला तो कळला कंपनीतल्या एका जुन्या कारकुनामुळे, नाहीतर राहूनच जाता.

हे झालं नंतरचं. माणूस धडधाकट असतानाच नॉमिनीची नावं तपासा, विशेषतः लग्नाआधीच्या कागदांवरची. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. मात्र बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो. त्यामुळे मृत्युपत्र हवंच. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं चालतं. स्टँप लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. साक्षीदार मात्र ज्यांना काही मिळणार नाही असेच घ्या. घरखर्चाचं एक तरी खातं दोघांच्या नावावर असू द्या, हयात असेल त्याला व्यवहार करता येईल असं.

हा विषय काढला की घरात ‘अभद्र बोलू नकोस’ ऐकावं लागतं. त्यावर मला एकच वाट सापडली आहे: मार्चमध्ये टॅक्ससाठी फायली बाहेर निघतातच, तेव्हा बायकोला शेजारी बसवायचं आणि खाती, पॉलिसी, हप्ते तिच्याच हातानं एका वहीत उतरवून घ्यायचे. आपण लिहून दिलेली वही ती कपाटात ठेवून देते.