बटण हाताशी यावं

पालकहो,

कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेले भाविक आपल्या तामलवाडीवरून जातात. चाळीसेक किलोमीटरची वाट. अनवाणी चालणारे सोडले, तर बाकीच्यांच्या पायात रुळलेली चप्पल असते. दुसऱ्याच्या मापाची घालून ही वाट कुणी धरत नाही.

आता घरातलं बघा, तिथंही मापाचाच प्रश्न आहे. लेकरू कॉम्प्युटरवर गेम लावतं आणि खेळायचं सोडून सेटिंगमध्ये शिरतं. उडीचं बटण इकडे, पळायचं तिकडे, माऊसचा वेग जरा कमी. आपण लगेच ओरडतो, "अरे, बिघडवशील ते!"

ताई, दादा, त्यानं काहीच बिघडवलेलं नसतं. गेममध्ये उडी मारणं हे एक काम; ते कोणत्या बटणाला द्यायचं, हे वेगळं. लेकरू फक्त ही जोडणी बदलतं. 'डिफॉल्ट' दाबलं की सगळं बहुधा मूळ जागी येतं. मराठी टाइप करताना आपणही हेच करतो. इन्स्क्रिप्ट निवडलं की 'के'च्या बटणातून 'क' उमटतो, शिफ्ट धरून दाबलं तर 'ख'. बटण तेच, काम दुसरं.

आज कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच गेममध्ये चालायला डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं असतात. पूर्वी बाणांची बटणं सर्रास वापरली जात. 1997 साली अमेरिकेत 'क्वेक' या गेमची मोठी स्पर्धा डेनिस फाँग या तरुणानं जिंकली आणि बक्षिसात फेरारी गाडी मिळवली. त्याचा डावा हात या चार बटणांवर आणि उजवा माऊसवर असायचा. इतरांनी ती पद्धत उचलली. 1998 च्या 'हाफ-लाइफ'मध्ये ती आधीपासूनच लावलेली होती. आज आपण जिला नेहमीची मांडणी म्हणतो, तीही खेळणाऱ्यांनी स्वतःच्या हाताला विचारून शोधलेली आहे.

घरात डावखुरं लेकरू असेल तर हे फार मनावर घ्या. द्राक्षांची विरळणी करताना साधी कात्री डाव्या हातात धरून बघा. पाती नीट मिटत नाहीत, कारण कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. लोखंड वाकवता येत नाही, गेम मात्र वाकतो. माऊस डावीकडे घ्या, विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसच्या दोन्ही बटणांची अदलाबदल करा आणि चालायची बटणं उजव्या हाताखाली, आय, जे, के, एल वर आणा. ज्या लेकराला जेवताना, लिहिताना 'तो हात नको' असं ऐकावं लागलं, त्याला पहिल्यांदाच एखादी वस्तू म्हणेल, 'तुझाच हात बरोबर आहे.'

मोबाइलवर खेळणाऱ्यांनाही अनेक गेममध्ये स्क्रीनवरची बटणं सरकवता येतात, लहानमोठी करता येतात.

लेकराला एवढं शिकवा: एका वेळी एकच बटण बदलायचं, दहा मिनिटं खेळून बघायचं आणि जुनी जागा वहीत लिहून ठेवायची. मनगट दुखत असेल तर माऊसचा वेग आणि बसायची उंची तपासायची. तीन बटणं एकदम दाबल्यावर एखादं चालत नसेल तर लेकराला बोलू नका. स्वस्त कीबोर्डची ती मर्यादा असते.

दोन गोष्टींत मात्र ठाम राहा. बटणं बदलून देतो म्हणणारं अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं नाही. आणि एक बटण दाबून पाच कामं आपोआप उरकणारी युक्ती ऑनलाइन गेममध्ये वापरायची नाही; अनेक ठिकाणी ती लबाडी धरतात आणि खातं बंद होतं. वेळेची मर्यादा तर हवीच. पण ती लेकराजवळ बसून ठरवा, दारातून ओरडून नको.

आज रात्री एक करा. त्याच्या खुर्चीत तुम्ही बसा आणि म्हणा, "माझ्या हाताला जमेल असं लावून दे." तुमची बोटं जाड, कामानं राठ झालेली. ते विचारेल, "बाबा, इथं पोचतंय का?" "आई, हे बटण लांब पडतंय का?" दुसऱ्याच्या हाताचा असा विचार करायला त्या क्षणी ते शिकत असेल. त्याला घाई करू नका. शेवटचं बटण जागेवर बसेपर्यंत हात तिथंच ठेवा.