बुद्धीचे मापन : अंक काय सांगतो व काय सांगत नाही



वर्षअखेरीस आपण निकालपत्रक तयार करतो. मुलांच्या नावांपुढे अंक लिहितो आणि त्या अंकांवरून कोणास ‘हुशार’, तर कोणास ‘मंद’ ठरवितो. शिष्यवृत्ती परीक्षेत तर ‘बुद्धिमत्ता चाचणी’ याच नावाचा विषय आहे. परंतु हा अंक नेमके काय मोजतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

१. मापन म्हणजे काय?

हंगामात कापूस काट्यावर चढतो. वीस किलोची दोन गाठोडी एकत्र ठेवली की काटा चाळीस दाखवितो. वस्तूंची बेरीज आणि अंकांची बेरीज येथे जुळते. म्हणूनच वजन मोजले, असे आपण निःशंकपणे म्हणतो. चाचणीत वीस-वीस गुण मिळविणारी दोन मुले शेजारी बसविल्याने मात्र चाळीस गुणांची बुद्धी तयार होत नाही.

हाच प्रश्न विद्वानांपुढेही उभा राहिला. मानवी संवेदना मोजता येतात काय, हे ठरविण्यासाठी ब्रिटनमधील विज्ञानसंस्थेने १९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. अशी बेरीज दाखविता येत नाही तेथे मूलभूत मापन नाही, असे कॅम्बेल या भौतिकशास्त्रज्ञाचे मत होते. १९४० साली अंतिम अहवाल आला, तरी समितीचे एकमत झाले नाही.

२. अंकांचे चार प्रकार

पुढे १९४६ साली स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या. आपल्या शाळेतीलच उदाहरणे घेऊ.

(अ) हजेरीपटावरील क्रमांक : हा केवळ नावाऐवजी असतो. सात क्रमांकाचा मुलगा तीन क्रमांकाच्या मुलापेक्षा कशातही अधिक नसतो.
(आ) शर्यतीतील क्रमांक : पुढे कोण व मागे कोण हे कळते, अंतर किती, हे कळत नाही.
(इ) तापमापकाचे अंश : येथे अंतरे समान असतात. परंतु शून्य अंश म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. म्हणून ४० अंशांचा दिवस २० अंशांच्या दिवसाच्या दुप्पट उष्ण नसतो.
(ई) उंची व वजन : येथे शून्य खरे असते, म्हणून ‘दुप्पट’ हा शब्द येथेच शोभतो.

आपले गुण यांपैकी कोठे बसतात? बरोबर उत्तरांची संख्या खरीच मोजलेली असते. पण त्या संख्येवरून आपण क्षमतेविषयी बोलू लागतो, तेव्हा फार तर क्रम सांगता येतो. प्रश्नांची काठिण्यपातळी सारखी नसते. त्यामुळे ५ वरून १० वर जाणे आणि ३० वरून ३५ वर जाणे ही सारखीच प्रगती आहे, असे गृहीत धरता येत नाही. ज्यास शून्य मिळाले त्याची क्षमताही शून्य ठरत नाही. त्या कागदावर ती दिसली नाही, एवढेच खरे.

३. बिने व कामत

विशेष मदतीची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी बिने व सिमाँ यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये पहिली बुद्धिचाचणी रचली. बौद्धिक गुण एकावर एक ठेवता येत नाहीत, म्हणून ते लांबीसारखे मोजता येत नाहीत. ही केवळ प्रतवारी आहे, असे बिने यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. पुढे मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणण्याची रीत आली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर बुद्ध्यंक ७५. भागाकार झाला आणि प्रतवारीला वजनाचे रूप आले.

धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परक्या मुलांचे प्रमाण आपल्या मुलांस लावू नये, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय. हेच मर्म पुढे नेले, तर धारवाडचे प्रमाण तरी पोडावरच्या कोलामी बोलणाऱ्या किंवा तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या मुलास जसेच्या तसे कसे लावावे?

४. माझी एक चूक

मी केळापूर तालुक्यात शिक्षक असताना वर्गात एक प्रश्न दिला होता : ‘आंबा, बोर, मोहाचे फूल, संत्रे, यांतील वेगळे कोणते?’ उत्तरसूचीत ‘मोहाचे फूल’ होते, कारण बाकीची फळे. पोडावरच्या एका मुलीने ‘संत्रे’ लिहिले. मी फुली मारली. तिच्या अशाच आणखी काही फुल्या पाहून ‘आकलन कमी’ असा शेराही लिहिला. काही दिवसांनी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाकीचं रानात भेटते गुरुजी, संत्रं इकत घ्या लागते.”

तिने वर्गीकरण केले होते, आणि ते निर्दोष होते. मी तिची बुद्धी मोजली नव्हती. तिचे जग उत्तरसूचीशी किती जुळते, एवढेच मोजले होते. गुण सुधारले, शेरा खोडला. पण विचारलेच नसते तर तो शेरा तिच्याबरोबर पुढच्या वर्गात गेला असता.

५. आपण काय करावे?

चाचण्या टाकून द्याव्यात, असा याचा अर्थ नव्हे. कोणास मदत हवी हे त्यांवरून लवकर कळते, आणि बिने यांचा मूळ हेतूही तोच होता. मात्र चुकलेल्या उत्तराचे कारण मुलास तोंडी विचारावे. शक्य तेथे प्रश्न त्याच्या बोलीत समजावून द्यावा. एका चाचणीवरून कायमचा शेरा लिहू नये. आणि ‘हा मुलगा मंद आहे’ याऐवजी ‘या चाचणीत, या दिवशी, हे प्रश्न सुटले नाहीत’ असे लिहावे. हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील गुण चारपैकी कोणत्या श्रेणीत मोडतात? सकारण सांगा.
२. मागील चाचणीतील असा एक प्रश्न शोधा, ज्याचे उत्तर मुलाच्या घरच्या भाषेवर किंवा परिसरावर अवलंबून होते.
३. आपण पूर्वी लिहिलेला कोणता शेरा आज पुन्हा तपासून पाहावासा वाटतो?